पन्नास, छप्पन्न हजार आणि वादातले दोन लाख

५ मे १९७३ रोजी अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यातल्या टँपा स्टेडियमवर लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक बँडचा कार्यक्रम झाला आणि त्याला ५६,८०० प्रेक्षक होते. त्या रात्री बीटल्सचा विक्रम मोडल्यामुळे हा आकडा बँडच्या बहुतेक चरित्रांत आढळतो. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्ससाठी ५५,६०० लोक लोटले होते. आठ वर्षांनी, सोबतीला दुसरा कोणताही बँड न घेता, लेड झेपेलिनने त्याहून बाराशे माणसे जास्त जमवली. तिकीटविक्री तीन लाख नऊ हजार डॉलरवर गेली, तीही शे स्टेडियमपेक्षा किंचित अधिकच. मला या नोंदीत विक्रमापेक्षा शेवटच्या आठशेचे कुतूहल वाटते. एवढ्या मोठ्या जमावाविषयी बोलताना माणूस सहसा ‘पन्नास-साठ हजार’ म्हणून मोकळा होतो. इथे मात्र कोणीतरी शेकड्यापर्यंत हिशेब ठेवला आहे, आणि तो ठेवण्यात त्याचा काही स्वार्थ होता हे उघड आहे.

या बँडच्या कार्यक्रमांना कोठे किती माणसे आली, याची एक यादी मी बरीच वर्षे एका वहीत लिहीत आलो आहे. त्यामागे संशोधन वगैरे काही नाही; क्रिकेटच्या धावसंख्या उतरवून ठेवणारे लोक असतात, त्यातलाच हा प्रकार. यादी वाढत गेली तशी तिची एक गंमत लक्षात आली. मधल्या वर्षांचे, म्हणजे साधारण १९७३ ते १९७७ या काळातले आकडे अगदी नेटके आहेत. टँपाच्या आदल्या दिवशी अटलांटात ४९,२३६. चार वर्षांनी मिशिगनमधल्या पाँटिअॅक सिल्व्हरडोममध्ये ७६,२२९. शेवटचा नऊसुद्धा कोणी सोडलेला नाही. परंतु यादीची दोन्ही टोके धूसर आहेत. अगदी लहान गर्दी आणि अगदी मोठी गर्दी, दोन्ही मोजणाऱ्याच्या हातून निसटलेल्या आहेत, आणि त्या दोन्ही ठिकाणी निसटण्याची कारणे निरनिराळी आहेत.

आरंभ मात्र धूसर नाही. ७ सप्टेंबर १९६८ रोजी डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनजवळच्या ग्लॅडसॅक्स येथे एका शाळेच्या सभागृहात हे चौघे प्रथमच एकत्र वाजवायला उभे राहिले. गिटारवर जिमी पेज, गायनाला रॉबर्ट प्लँट, बेसवर जॉन पॉल जोन्स आणि ड्रम्सवर जॉन बॉनम. जाहिरातीत नाव ‘यार्डबर्ड्स’ असे होते, कारण मोडकळीला आलेल्या त्या जुन्या बँडने स्वीकारलेले दौरे पेजला पुरे करायचे होते. समोर सुमारे बाराशे मुले होती. ती एका युवक मंडळाची सभासद होती आणि सभासदांची नोंद असल्यामुळे हा आकडा आपल्यापर्यंत पोहोचला. म्हणजे या बँडने आपल्या पहिल्याच कार्यक्रमाला हजाराच्या वर श्रोते पाहिले, पण त्यांतला एकही जण लेड झेपेलिनला ऐकायला आलेला नव्हता. ते नावच अजून अस्तित्वात यायचे होते.

त्याच वर्षाच्या अखेरीस ते अमेरिकेत गेले. २६ डिसेंबरला डेन्व्हरमध्ये व्हॅनिला फज आणि स्पिरिट या त्या वेळच्या नावाजलेल्या बँडांच्या आधी वाजवण्याची संधी त्यांना मिळाली, आणि ३० डिसेंबरला स्पोकेन शहरातल्या विद्यापीठाच्या कार्यक्रमाच्या जाहिरातीत त्यांचे नाव ‘लेन झेफ्लिन’ असे छापून आले. मुख्य बँडसाठी आलेल्या गर्दीतले किती जण यांच्या वेळी जागेवर बसले होते आणि किती बाहेर शीतपेय पीत उभे होते, हे कोणत्याही आकड्यात उतरत नाही. पूर्वार्धाच्या कलाकाराची प्रेक्षकसंख्या ही नेहमी उधारीची असते. मुख्य कलाकाराच्या आकड्यातूनच ती दाखवायची, आणि दाखवताना थोडे संकोचायचे.

यादीतली सर्वांत विलक्षण नोंद २० जानेवारी १९६९ ची आहे. मेरिलँड राज्यात, वॉशिंग्टनच्या शेजारी व्हीटन नावाचे उपनगर आहे. तेथल्या युवक केंद्राच्या सभागृहात त्या रात्री लेड झेपेलिनने पन्नासेक लोकांसमोर वाजवले, असे काही जण शपथेवर सांगतात. त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये रिचर्ड निक्सन यांचा शपथविधी होता आणि हवा वाईट होती, म्हणून लोक आले नाहीत, असेही ते सांगतात. बँडचा पहिला अल्बम अमेरिकेत निघून जेमतेम आठवडा झाला होता. पंचाईत अशी की या कार्यक्रमाचे तिकीट, छायाचित्र, जाहिरात किंवा वर्तमानपत्रातले परीक्षण, यांपैकी काहीही सापडत नाही. जेफ क्रुलिक या माहितीपटकाराने या एका रात्रीवर संपूर्ण माहितीपट केला, साक्षीदार शोधले, न मानणारेही शोधले, आणि तरीही कार्यक्रम झाला की नाही हा प्रश्न पुरता सुटला नाही.

येथे प्रश्न प्रेक्षक किती होते एवढाच उरत नाही. प्रेक्षक इतके कमी होते की कार्यक्रमाच्या असण्यालाच पुरावा राहिला नाही. दहा हजारांच्या कार्यक्रमाला कोणी ना कोणी कॅमेरा घेऊन येतो, कोणी तिकिटाचा अर्धा तुकडा पाकिटात जपतो, दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी येतात. पन्नास माणसांच्या कार्यक्रमाला आठवणीखेरीज आधार नसतो, आणि पन्नास वर्षांनी आठवण साक्षीदार म्हणून फारशी टिकत नाही. माझा स्वतःचा कल कार्यक्रम झाला असावा असे मानण्याकडे आहे. खोटेच सांगायचे असते, तर माणसाने ‘आम्ही पन्नास जण होतो आणि सभागृह रिकामे होते’ अशी कळाहीन बढाई मारली नसती.

त्यानंतर आठवड्याच्या आतच, २६ जानेवारीला, बोस्टन टी पार्टी या क्लबमध्ये त्यांनी जवळजवळ चार तास वाजवले. स्वतःची गाणी संपली तेव्हा बीटल्स, रोलिंग स्टोन्स, जे येईल ते वाजवले. लोक सोडायलाच तयार नव्हते. क्लबमध्ये काही शेकडा माणसे मावत असतील. जोन्स यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे की आपले काहीतरी होणार हे त्यांना त्या रात्री कळले. जी गर्दी निर्णायक ठरली ती संख्येने किरकोळ होती, ही गोष्ट नंतरच्या स्टेडियमच्या आकड्यांकडे पाहताना मी विसरू देत नाही.

आता मधल्या काळातले नेटके आकडे कोठून आले ते सांगितले पाहिजे, आणि त्यासाठी पीटर ग्रँटकडे वळावे लागते. ग्रँट हा बँडचा मॅनेजर. अवाढव्य देहाचा, एके काळी कुस्तीच्या आखाड्यात उतरलेला आणि बोलण्याचालण्यात कोणाचीही भीडभाड न ठेवणारा. त्या काळी कार्यक्रमाचा आयोजक तिकिटांच्या उत्पन्नातला मोठा वाटा ठेवून घेत असे आणि कलाकाराला ठरलेली बिदागी देत असे. ग्रँटने हे उलटे केले. उत्पन्नातले नव्वद टक्के बँडला, दहा टक्के आयोजकाला. पटत असेल तर या, नाही तर दुसरा आयोजक रांगेत उभा आहे. ही अट एकदा बसली की प्रत्येक तिकिटाचे नव्वद टक्के तुमचे होतात, आणि मग आठशे माणसे ‘साठेक हजारां’त विरघळू देणे परवडत नाही. टँपाचे आठशे आणि पाँटिअॅकचे नऊ आले ते या हिशेबातून.

माझे मामा व्यावसायिक नाटकांच्या बुकिंगच्या खिडकीवर बसत असत. प्रयोगाच्या दिवशी सकाळी त्यांच्यासमोर थिएटरचा प्लॅन पसरलेला असायचा आणि विकल्या गेलेल्या खुर्चीवर ते निळ्या पेन्सिलीने तिरपी रेघ मारायचे. लाल रेघ पासाची. बाहेर ‘हाऊसफुल्ल’चा बोर्ड लागला, तरी लाल रेघा किती आहेत यावर निर्मात्याचा चेहरा ठरत असे. नाटक कसे झाले असे कोणी विचारले की मामा सांगायचे, ‘निळे सहाशे चाळीस.’ नाटक कोणते होते हे त्यांना कधीकधी आठवत नसे. ग्रँटची वृत्ती मला तेव्हापासून ओळखीची वाटत आली आहे. आकडा ठेवणारा माणूस कलेचा शत्रू असतोच असे नाही, मात्र तो खुर्च्या मोजतो आणि त्यांवर बसलेल्यांना काय ऐकू आले हा त्याच्या रकान्याबाहेरचा विषय असतो.

पहिल्या दोन वर्षांत वाढ फार वेगाने झाली. ९ जानेवारी १९७० रोजी, पेजच्या सव्विसाव्या वाढदिवशी, त्यांनी लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल भरवला. २८ जूनला बाथजवळच्या उघड्या मैदानावरील महोत्सवात दीड लाख माणसे होती असा अंदाज सांगितला जातो. मैदानावरच्या महोत्सवात शेवटचे शून्य नेमके कोणाच्या लेखणीतून आले ते विचारू नये, परंतु दीड लाख नसतील तर लाख तरी असतील. मावळतीच्या उजेडात बँडचे रंगमंचावर येणे साधावे म्हणून ग्रँटने आधीच्या बँडचे वाजवणे सरळ आवरायला लावले, अशी कथा आहे. ती खरी मानायला माझी काहीच हरकत नाही.

आणि एवढे सगळे झाल्यावर मार्च १९७१ मध्ये त्यांनी एक उफराटी गोष्ट केली. इंग्लंड आणि आयर्लंडच्या दौऱ्यासाठी मोठी सभागृहे नाकारून ते पुन्हा लहान क्लबांत आणि विद्यापीठांत वाजवायला गेले. ५ मार्चला बेलफास्टच्या अल्स्टर हॉलमध्ये दौरा सुरू झाला, आणि २३ मार्चला लंडनच्या मार्की क्लबमध्ये, जेथे अडीच वर्षांपूर्वी त्यांना फारसे कोणी ओळखत नव्हते, ते पुन्हा उभे राहिले. मानधन आणि तिकिटाचा दर सुरुवातीच्या दिवसांइतकाच ठेवला. हेतू प्रामाणिक होता. श्रोत्यांचे चेहरे दिसावेत, घामाचा वास यावा, रंगमंच आणि पहिली रांग यांत दहा-बारा फुटांचेच अंतर असावे. पण परिणाम काय झाला? ज्या गावात दहा हजार माणसांना ऐकायचे होते तेथे काही शेकड्यांना जागा मिळाली आणि बाकीचे दाराबाहेर राहिले. ज्यांच्याशी जवळीक साधायची तेच चिडले. गर्दी एकदा वाढली की कलाकाराला ती कमी करता येत नाही. त्याला फक्त दार लहान करता येते. तो प्रयोग पुन्हा झाला नाही.

याच्या पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, आपल्या मुंबईत घडलेली एक गोष्ट या यादीत आहे, आणि तिच्या प्रेक्षकसंख्येचा रकाना कोरा आहे. पेज आणि प्लँट मुंबईत आले होते. येथल्या स्टुडिओत स्थानिक वादकांना घेऊन त्यांनी स्वतःची दोन गाणी, ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’, नव्याने ध्वनिमुद्रित केली. ती मुद्रणे २०१५ मध्ये अधिकृतपणे बाहेर आली तेव्हा अनेकांना त्यांचा पहिल्यांदा पत्ता लागला. त्याच मुक्कामात कुलाब्यातील ‘स्लिप डिस्क’ या डिस्कोथेकमध्ये दोघे एका रात्री रंगमंचावर चढले आणि तेथल्याच वादकांना साथीला घेऊन, तेथलीच वाद्ये वापरून वाजवू लागले. तिकीट नाही, करार नाही, ग्रँट नाही. ज्या बँडचे अर्धे अंग त्या छोट्या खोलीत होते, तो पुढच्याच वर्षी बीटल्सचा विक्रम मोडणार होता.

त्या रात्री तेथे किती माणसे होती? मुंबईच्या जुन्या रॉकप्रेमींच्या गप्पांत बसले की हा आकडा वाढताना दिसतो. ‘मी होतो’ म्हणणारे भेटतात, ‘माझा भाऊ होता’ म्हणणारे त्याहून जास्त भेटतात, आणि सगळ्यांना आत घ्यायचे म्हटले तर डिस्कोथेकच्या भिंती अपोलो बंदरापर्यंत सरकवाव्या लागतील. व्हीटनमध्ये पन्नास होते म्हणणाऱ्यांवर कोणी विश्वास ठेवत नाही आणि कुलाब्यात आपण होतो म्हणणाऱ्यांची संख्या कमी होत नाही. लहान गर्दी अशी दोन्ही बाजूंनी फसवते. एकीकडे ती पुराव्याअभावी नाहीशी होते, तर दुसरीकडे कार्यक्रम नंतर प्रसिद्ध झाल्यामुळे तिच्यात वर्षागणिक भर पडत राहते.

टँपानंतरच्या काळाविषयी लोक भरभरून बोलतात, मला मात्र तो थोडक्यात सांगावासा वाटतो, कारण आकडे मोठे असले तरी त्यांत शोधण्यासारखे फारसे उरत नाही. स्वतःचे भाड्याचे बोइंग विमान, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधले सलग तीन कार्यक्रम, आणि त्याच मुक्कामात हॉटेलच्या तिजोरीतून नाहीशी झालेली दोन लाखांहून अधिक डॉलरची रोकड. प्रेक्षकांचा हिशेब शेकड्यापर्यंत ठेवणाऱ्या मंडळींची रोकड अशी जावी, याला काय म्हणावे! १९७५ च्या जानेवारीत बोस्टनमध्ये तिकिटांसाठी थंडीत रांग लावून बसलेल्या तरुणांना दया येऊन आत घेतले, तर त्यांनी सभागृहाची नासधूस केली आणि महापौरांनी कार्यक्रमच रद्द करून टाकला. त्या कार्यक्रमाची प्रेक्षकसंख्या यादीत शून्य आहे. जमलेली गर्दी मात्र खरी होती.

एक तपशील मात्र थांबून पाहण्याजोगा आहे. मे १९७५ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्टमध्ये पाच कार्यक्रम झाले. आधी तीन ठरले होते, मागणी पाहून दोन वाढवले. दर रात्री सुमारे सतरा हजार, एकूण पंचाऐंशी हजार. तेथे रंगमंचाच्या वर एक प्रचंड पडदा टांगला होता आणि त्यावर वाजवणाऱ्यांची चित्रे त्याच क्षणी दिसत होती. आज आपल्याला याचे काहीच वाटत नाही. प्रत्येक मोठ्या मैफलीत लोक रंगमंचाकडे पाठ फिरवली तरी चालेल अशा बेताने पडद्याकडे पाहत असतात. पण त्या वेळी ही नवलाई होती, आणि मला ती एक कबुलीही वाटते. शे स्टेडियमवर बीटल्सचा आवाज किंकाळ्यांत बुडून गेला होता, कारण तेव्हाची ध्वनियंत्रणा एवढ्या जागेसाठी केलेलीच नव्हती. दहा वर्षांत आवाजाचा प्रश्न बराचसा सुटला. तेव्हा पुढचा प्रश्न उभा राहिला की मागच्या रांगेतल्या माणसाला पेज अंगठ्याच्या नखाएवढा दिसतो. पडदा आल्यावर प्रेक्षकसंख्येवरचा नैसर्गिक लगाम सुटला. कानांना स्पीकर होते, डोळ्यांना पडदा मिळाला. आता मैदान मोठे असेल तितके चालणार होते.

१९७७ चा अमेरिकेचा दौरा हे त्याचेच फळ. एकावन्न कार्यक्रम ठरवले होते आणि एकंदर तेरा लाख तिकिटांची बात होती. ३० एप्रिलला पाँटिअॅकमध्ये ७६,२२९ प्रेक्षक आले. बंदिस्त जागेत एकाच बँडसाठी जमलेल्या गर्दीचा तो विक्रम ठरला, आणि त्याआधीचा विक्रम त्याच इमारतीत ‘द हू’ या बँडने १९७५ मध्ये केला होता. ३ जूनला ते पुन्हा टँपाला गेले. या वेळी सत्तर हजार माणसे होती. तीन गाणी झाली आणि वादळी पाऊस कोसळला. करारानुसार पावसात कार्यक्रम पुढे ढकलायचा होता, पण तिकिटावर मात्र पाऊस आला तरी कार्यक्रम होईल असे छापले गेले होते. बँड निघून गेला, लोक खवळले, पोलिसांशी मारामारी झाली, माणसे जखमी झाली. विक्रमाच्या यादीत हे सत्तर हजार पूर्ण कार्यक्रम ऐकल्यासारखे ऐटीत बसलेले असतात. तीन गाण्यांच्या प्रेक्षकांसाठी वेगळा रकाना मी तरी कोठे पाहिलेला नाही.

त्या दौऱ्याचा शेवट शोकात झाला. जुलैच्या अखेरीस प्लँटचा लहान मुलगा आजारात गेला आणि उरलेले सर्व कार्यक्रम रद्द झाले. दोन वर्षे बँड लोकांसमोर आला नाही.

नंतरचे दोन आकडे क्रम मोडून आधीच उरकतो. १९८० च्या उन्हाळ्यात युरोपात चौदा कार्यक्रम झाले. सभागृहे मध्यम, झगमगाट कमी केलेला, गाणीही आटोपशीर. ७ जुलैला बर्लिनमध्ये तो दौरा संपला, २५ सप्टेंबरला बॉनम गेला आणि डिसेंबरमध्ये बँडने आपला शेवट जाहीर केला. दुसरा आकडा २००७ चा. अटलांटिक रेकॉर्ड्सचे संस्थापक अहमत एर्तेगून यांच्या स्मरणार्थ १० डिसेंबरला लंडनच्या ओ-टू अरिनामध्ये उरलेले तिघे आणि बॉनमचा मुलगा जेसन एकत्र आले. तिकिटे सोडतीने दिली. सोडतीसाठी दोन कोटी अर्ज आल्याचे जाहीर झाले आणि गिनीजच्या नोंदीतही ते गेले. आत मावणारी माणसे वीस हजारांच्या आतबाहेर. एकशेपंचवीस पौंडांच्या तिकिटांची एक जोडी धर्मादाय लिलावात त्र्याऐंशी हजार पौंडांना गेली. दोन कोटी ही प्रेक्षकसंख्या नव्हेच, ती न आलेल्यांची संख्या आहे, आणि आता प्रसिद्धीसाठी तीच अधिक कामाची झाली आहे. २०२५ च्या जानेवारीत नवी मुंबईला झालेल्या कोल्डप्लेच्या कार्यक्रमांविषयी आपल्याकडे जी चर्चा झाली, तीही मैदानात किती होते यापेक्षा ऑनलाइन रांगेत किती होते याचीच अधिक होती.

हे मागे सारून नेबवर्थकडे येतो, कारण यादीतली खरी मारामारी तेथे आहे. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायर परगण्यात नेबवर्थ नावाची जुनी हवेली आहे आणि तिच्याभोवती मोठे उद्यान आहे. ऑगस्ट १९७९ मध्ये ४ आणि ११ तारखेला, लागोपाठच्या दोन शनिवारी, लेड झेपेलिनने तेथे वाजवले. मायदेशात चार वर्षांनी होणारे हे त्यांचे कार्यक्रम होते आणि आयोजक होते फ्रेडी बॅनिस्टर, ज्यांनी बाथचा महोत्सवही भरवला होता. उद्यानाला एका वेळी लाखभर माणसांचा परवाना होता. पहिल्या शनिवारी सुमारे एक लाख चार हजार तिकिटे गेली आणि दुसऱ्या शनिवारी त्याहून पुष्कळ कमी, असे बॅनिस्टर यांचे म्हणणे. ग्रँटचे म्हणणे असे की पहिल्याच दिवशी दोन लाखांहून अधिक माणसे होती आणि आयोजक आपल्याला फसवत आहे. त्याने हेलिकॉप्टरमधून गर्दीची छायाचित्रे काढवली आणि त्यांवरून मोजणी करवून घेतली. वाद विकोपाला गेला, बॅनिस्टर यांची कंपनी त्यात बुडाली आणि नेबवर्थमधले त्यांचे आयोजन तेथेच संपले.

म्हणजे ज्या माणसाने टँपाच्या आठशेंचा हिशेब ठेवला, त्याचाच आकडा येथे एक लाखाने हलतो. असे का व्हावे? स्टेडियमला खुर्च्या असतात, फिरती दारे असतात, प्रत्येक खुर्चीला क्रमांक असतो. उद्यानाला गवत असते. आणि गवतावरची गर्दी कशी मोजायची, याचे एक जुने शास्त्र आहे. अमेरिकेत बर्कली येथे पत्रकारिता शिकवणारे हर्बर्ट जेकब्स यांच्या खिडकीतून विद्यापीठाचे प्रांगण दिसत असे आणि तेथे व्हिएतनाम युद्धाविरुद्ध निदर्शने चालत. फरशीवर चौकटी होत्याच. जेकब्स यांनी १९६० च्या दशकात त्या चौकटींतली माणसे मोजून ठोकताळा बसवला: विरळ गर्दीत माणशी दहा चौरस फूट जागा लागते, दाट गर्दीत साडेचार. आजही मोर्चे आणि सभा यांचा अंदाज बांधणारे बहुतेक जण याच वाटेने जातात.

आता हे दोन आकडे नेबवर्थला लावून पाहावेत. माणशी दहा फूट धरले तर एक लाख माणसांना सुमारे तेवीस एकर जमीन लागते. तीच तेवीस एकर जमीन साडेचार फुटांच्या हिशेबाने भरली, तर तीत सव्वादोन लाख माणसे मावतात. छायाचित्र तेच, मैदान तेच, गर्दीची कडही तीच. मधली माणसे उभी होती की पसरून बसली होती, एवढ्या एका गृहीतकावर बॅनिस्टर यांचा आकडा ग्रँटचा होऊन जातो. दोघांपैकी कोणी खोटे बोलत होते असे मानण्याची आवश्यकताच नाही, जरी ग्रँटला ते मानणे सोयीचे होते.

म्हणून मी नेबवर्थचे एक हवाई छायाचित्र मोठे छापून घेतले, त्यावर पट्टीने चौकटी आखल्या आणि भिंग घेऊन बसलो. रंगमंचाजवळच्या चौकटींत डोकी एकमेकांना चिकटलेली आहेत. तेथे साडेचार फूटसुद्धा उदारपणाचे होतील. पण चार-पाच चौकटी मागे गेले की चित्र बदलते. सतरंज्या दिसतात, पिशव्या दिसतात, आडवे झालेले लोक दिसतात, मधून वाट काढत जाणाऱ्यांच्या नागमोडी पांढुरक्या रेघा दिसतात. आणखी मागे डोके आणि पिशवी यांतला फरकच संपतो आणि भिंगाखाली नुसते छपाईचे ठिपके येतात. सकाळपासून दिवसभर थांबायचे असलेली माणसे उभ्याने दाटीवाटी करत नाहीत; ती जागा धरतात आणि पाय पसरतात. उद्यानाचा बराच मोठा भाग मला माणशी दहा फुटांचाच वाटला, काही ठिकाणी त्याहूनही विरळ. तिकीट न काढता आत शिरलेले लोक असणारच, आणि ते बॅनिस्टर यांच्या तिकिटांत येत नाहीत. ते धरूनही मला दोन लाखांपर्यंत पोहोचता आले नाही; फार तर सव्वा लाख.

ग्रँटविषयी मला आदर आहे. रॉक संगीतातल्या कलाकारांना त्यांच्या गर्दीचे पैसे मिळू लागले, यात त्याचा वाटा मोठा आहे आणि त्याआधी आयोजकांनी कलाकारांना कसे लुबाडले होते हे पाहता त्याचा संशय आकाशातून पडलेला नव्हता. पण खुर्च्यांवर पोसलेली त्याची मोजणी गवतावर लागू पडली नाही, असे माझे मत झाले आहे. माझ्या वहीत नेबवर्थच्या पुढे मी दोघांचेही आकडे लिहून ठेवले आहेत आणि बॅनिस्टर यांच्या आकड्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आहे. शाईने मारावी एवढी खात्री त्या ठिपक्यांवरून होत नाही.